एकच औषध, दोन खाटा

अंतरवाली सराटी हे नाव २०२३ पर्यंत कुणाला सांगायचं झालं तर सोबत पत्ता सांगावा लागे. जालना जिल्हा, अंबड तालुका, वडीगोद्रीजवळ. २९ ऑगस्ट २०२३ ला मनोज जरांगे पाटील तिथं उपोषणाला बसले, १ सप्टेंबरला लाठीमार झाला आणि मग पत्ता सांगायची गरज उरली नाही. आमच्या घरात मात्र हे गाव त्याच्या कितीतरी आधीपासून 'खालाचं गाव' आहे. अम्मीची धाकटी बहीण तिथं दिलेली होती.

त्या वर्षी मराठवाड्यात घरोघरी जुन्या पेट्या उघडल्या गेल्या. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती कुणबी नोंदी शोधत होती. निजामाच्या राजवटीतला कारभार उर्दूत, बरंचसं जुनं लिखाण मोडीत. मी शाळेतून निवृत्त झालेला, उर्दू वाचता येतं ही ख्याती. त्यामुळे ओळखीची माणसं कागदाच्या झेरॉक्स घेऊन माझ्याकडे येत. पणजोबाच्या नावावर बोट ठेवून विचारत, "सर, पुढं काय लिवलंय?" मी चष्मा पुसून अक्षर लावत बसे. आरक्षणाचा वाद हा या लेखाचा विषय नाही. पण ते कागद वाचताना मला सारखी खाला आठवायची. तिच्या शरीरातही कदाचित एक नोंद होती. ती वाचता येते हे आम्हाला ठाऊक नव्हतं, आणि कुणी वाचली नाही.

खालाला २०१६ साली मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला. एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयात ऑपरेशन झालं, ते चांगलं झालं. पुढे महिन्यातून पाच दिवस दाखल होऊन सलाईनमधून औषध घ्यायचं ठरलं. तिच्या बाजूच्या खाटेवर अंबड तालुक्यातल्याच एका गावची मराठा घरातली बाई होती. वयानं, अंगानं खालासारखीच. आजार तोच, औषध तेच, दिवसही तेच. खाला तिला 'बाई' म्हणे, ती खालाला 'भाभी'. घरून आलेल्या डब्यांची अदलाबदल व्हायची.

पहिल्या खेपेनंतर नवव्या दिवशी खालाचं तोंड आलं. आलं म्हणजे कसं, तर पाण्याचा घोट घेतला तरी डोळ्यांतून धारा. मग जुलाब. गावातल्या डॉक्टरनं दोन दिवस सलाईन लावलं, थोडं निभावलं. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, "मागच्या वेळी काही त्रास?" मी उत्तर दिलं, "जरा अशक्तपणा होता, साहेब." खालाच्या मुलानं माझ्याकडे पाहिलं आणि गप्प राहिला. खरं सांगितलं तर औषध बंद करतील ही आम्हाला धास्ती. शिवाय थोरामोठ्यांसमोर तक्रार कशी करायची ही आपली जुनी सवय. औषध पुन्हा पूर्ण दिलं गेलं. या वेळी चौथ्या दिवशीच तोंड सोलून निघालं आणि पुढच्या आठवड्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी इतक्या उतरल्या की तीन आठवडे तिला घरी नेता आलं नाही.

त्या चौथ्या दिवशी मी तिला म्हणालो, "खाला, बाजूची बाई बघा. तेच औषध घेतीय आणि भाकरी खातीय. तुम्ही मनच घट्ट करत नाही." परिचारिकाही तेच म्हणाली, "आजी, थोडं मनावर घ्या." भेटायला आलेले नातेवाईक आणखी पुढे गेले. कुणी म्हणालं रोजे धरून धरून अंगात काही उरलं नाही, कुणी म्हणालं हिला लहानपणापासूनच सोसत नाही. खाला फक्त एवढंच विचारायची, "मेरेकूच कायकू होरा ये?" त्या प्रश्नाला उत्तर द्यायच्या ऐवजी आम्ही तिला सब्र शिकवत होतो.

तिसऱ्या खेपेला ती आलीच नाही. म्हणाली, मी नाही येत. २०१८ मध्ये आजार परतला आणि ती गेली. तिचा मुलगा अजून म्हणतो, आपण तिला जबरदस्तीनं न्यायला हवं होतं. मला त्याच्याशी वाद घालता येत नाही, पण मी आता वेगळं मानतो.

ते औषध होतं फाइव्ह-एफयू. १९५७ साली अमेरिकेत चार्ल्स हायडेलबर्गर यांनी ते पुढे आणलं आणि आजही आतड्याच्या कॅन्सरमध्ये ते मुख्य औषधांपैकी एक आहे. गोळीच्या रूपातलं त्याचं भावंड म्हणजे कॅपेसिटाबिन. पेशीला नवी पेशी घडवायला जो माल लागतो, त्याच्यासारखाच दिसणारा खोटा माल हे औषध पुरवतं. भराभर वाढणारी पेशी तो उचलते आणि फसते. कॅन्सरची पेशी भराभर वाढते. पण तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर, हाडातला मगज जिथं रक्त तयार होतं, यांच्या पेशीही भराभर वाढतात, म्हणून तिथं त्रास होतो. आता यातली मेख. दिलेल्या औषधातला ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग यकृतातलं एक एन्झाइम मोडून टाकतं. डॉक्टर डोस ठरवतात तो हे गृहीत धरूनच. त्या एन्झाइमला डीपीडी म्हणतात. ते बनवण्याची कृती ज्या जनुकात लिहिलेली असते त्यात एखादं अक्षर बदललेलं असलं तर एन्झाइम कमी बनतं किंवा बनतच नाही. मग कागदावर डोस सगळ्यांना सारखा, पण अशा माणसाच्या रक्तात तो दुप्पट-तिप्पट होऊन फिरत राहतो.

युरोपातल्या लोकांत शंभरातल्या तीन ते आठ जणांत हे एन्झाइम अर्धंमुर्धं असतं. अगदी नसलेली माणसं फार थोडी, पण त्यांना पहिलाच डोस जीवघेणा ठरू शकतो. २०२० साली युरोपच्या औषध नियामक संस्थेनं हे औषध सुरू करण्याआधी डीपीडीची तपासणी करावी अशी शिफारस केली. एन्झाइम अर्धं असेल तर डोस निम्म्यावर आणून सुरुवात करायची आणि सोसलं तर वाढवायचा. याच औषधावर एक उताराही आहे, अमेरिकेत त्याला २०१५ मध्ये मान्यता मिळाली. तो औषध संपल्यापासून चार दिवसांच्या आत द्यावा लागतो आणि त्याची किंमत ऐकली तर आपल्याकडचा माणूस खुर्ची धरून बसेल.

खालाची ही तपासणी झाली नव्हती, म्हणून तिला नेमकं हेच होतं असं मी म्हणणार नाही. मात्र तिचं तोंड, तिचे जुलाब, तिचं रक्त, सगळं याच वाटेनं गेलं होतं. आणि ती वाट मनाच्या ताकदीची नव्हती, एवढं नक्की. यकृतातल्या एन्झाइमला हिंमत ठाऊक नसते. बाजूची बाई जेवत होती ती तिच्या धैर्यामुळे नव्हे. तिचं धैर्य काय असेल ते असेल, भाकरी तिला तिच्या यकृतामुळे जात होती. आम्ही एकीला शाबासकी दिली आणि दुसरीला बोल लावला. दोन्ही चुकीचं होतं.

रुग्णानं 'झुंज दिली' असं आपण कौतुकानं म्हणतो. वर्तमानपत्रांतही तसंच छापून येतं. मला अलीकडे तो शब्द टोचतो. झुंज म्हटलं की हरणाराही आला, आणि हरणाऱ्याकडे काहीतरी कमी होतं हेही मागोमाग आलंच.

किरणांच्या उपचारात हा प्रश्न आणखी गहन होतो. किरण कॅन्सरच्या पेशीतला डीएनएचा धागा तोडतात, वाटेत येणाऱ्या निरोगी पेशींचाही तोडतात. निरोगी पेशी मधल्या काळात धागा पुन्हा सांधून घेते, म्हणून रोज थोडे थोडे किरण देत आठवडेच्या आठवडे उपचार चालतात. सांधण्याची ही कारागिरी सगळ्यांची सारखी नसते. १९६७ साली एका वैद्यकीय अहवालात अशा एका रुग्णाची हकीकत आली की ज्याला नेहमीचेच किरण दिले आणि शरीर भयंकर पोळून निघालं. त्याला एक दुर्मीळ आनुवंशिक आजार होता. त्यात लहानपणापासून चाल अडखळते, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात लाल शिरा दिसतात आणि कॅन्सरचा धोका वाढतो. त्यामागचं जनुक १९९५ मध्ये तेल अवीवच्या योसेफ शिलो यांच्या गटानं शोधलं. त्याला एटीएम म्हणतात. योगायोग बघा, पैशाच्या यंत्राचंच नाव. तुटलेला धागा सांधायला कामगारांना हाक मारणारा मुकादम, असं त्याचं काम. मुकादमच नसेल तर सगळं तुटलेलं तसंच राहतं.

हा झाला टोकाचा प्रकार. सर्वसाधारण रुग्णांतही किरण सोसण्याची ताकद कमी-जास्त असते, पण ती एका जनुकावर नसून पुष्कळ लहान लहान फरकांची बेरीज असते. ती आधी मोजून सांगेल अशी चाचणी रोजच्या उपचारात नाही. मग डोस ठरतो कसा? निरोगी अवयवाला किती किरण झेपतील याचा जुना हिशोब असा की पाच वर्षांत शंभरातल्या सुमारे पाच जणांना गंभीर इजा होईल, तिथं थांबायचं. मर्यादा त्या पाच जणांकडे बघून आखलेली. उरलेल्या पंच्याण्णवांपैकी कितीतरी जणांना आणखी किरण झेपले असते, कदाचित त्यांचा आजार मुळापासून गेला असता. नाजूक मोजक्यांसाठी दणकट बहुसंख्यांनी थोडं सोसायचं, असा हा अलिखित करार. आणि करार करूनही ते पाच जण पुरते वाचत नाहीतच.

हे न्यायाचं आहे का? यावर विचार करताना मला अब्बांची एक गोष्ट आठवते. आमच्या मोहल्ल्यातला एक तरुण इमाम सूर मोठा गोड म्हणून नमाज लांबवत राही. अब्बांनी त्याला बाजूला घेऊन हदीसची आठवण दिली की जमातीच्या मागच्या रांगेत म्हातारे असतात, आजारी असतात, म्हणून इमामानं आटोपशीर घ्यावं. एकटा असशील तेव्हा हवी तेवढी लांबव. मला तेव्हा पहिला भागच मोठा वाटला, दुबळ्याकडे बघून सगळ्यांचं माप ठरवणं. आता दुसरा भागही तितकाच वजनदार वाटतो. जमात आहे तोवर एकच माप, कारण रांगेतल्या प्रत्येकाला विचारत बसता येत नाही. माणूस एकटा समोर असला की माप त्याचं त्याचं. रुग्ण डॉक्टरसमोर एकटाच बसलेला असतो. तरी त्याला मिळतं ते जमातीचं माप.

माझा एक भाचा कॅन्सरचा डॉक्टर आहे. मी त्याच्याशी यावर खूप भांडलो. तो म्हणाला, "मामू, तुम्हाला खाला दिसते कारण ती समोर पोळली. सगळ्यांचा डोस मी भीतीनं कमी केला तर ज्यांना काहीच झालं नसतं अशा किती जणांचा आजार परतेल? ती माणसं तुम्हाला कधीच ओळखू येणार नाहीत. ती सरळ आजारानं मेली असंच सगळे म्हणतील." या बोलण्यात दम आहे हे मला कबूल करावं लागलं. दिसणारं दुःख आणि न दिसणारं दुःख यांत आपण नेहमी दिसणाऱ्याची बाजू घेतो. पण मी त्याला विचारलं, "पूर्ण डोस सगळ्यांना द्यायचा आणि त्यात थोडेजण चिरडले जाणार हे आधीपासून ठाऊक, तर त्या थोड्यांचं तुझ्यावर काही देणं लागतं की नाही?" तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "लागतं. निदान त्यांनी सांगितलं की विश्वास ठेवायचा, आणि नाही सांगितलं तर खोदून विचारायचं. तुमच्यासारखे नातेवाईक 'जरा अशक्तपणा' म्हणतात तेव्हाही." शेवटचं वाक्य त्यानं सहज टाकलं की मुद्दाम, मी विचारलं नाही.

आता एका नाजूक गोष्टीकडे येतो. फरक जनुकात असतो म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, कोणाच्या जनुकात? मी हे सगळं एका ओळखीच्या गृहस्थांना सांगितलं तेव्हा ते चटकन म्हणाले, "म्हणजे तुमच्या लोकांचं शरीरच वेगळं असणार." ते वाईट हेतूनं म्हणाले नाहीत, म्हणून जास्त लागलं.

मुंबईच्या वैद्यकाच्या इतिहासात या प्रश्नाची दोन उत्तरं सापडतात. टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली परळला सुरू झालं. तिथले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी कॅन्सर कुठल्या समाजात कुठल्या अवयवाला होतो याचा बारकाईनं माग घेतला. १९४५ च्या त्यांच्या निबंधात 'धोतराचा कॅन्सर' आहे. कमरेला वर्षानुवर्षं घट्ट आवळलेल्या धोतराच्या काठाखाली, त्वचेवर होणारा. समाजासमाजांत फरक होता हे खरंच, पण तो रक्तातून आलेला नव्हता. कापडातून, तंबाखूच्या चुन्यातून, सवयीतून आला होता. दुसरं उत्तर उलट बाजूचं. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत असे रक्तगट पाहिले की जे वरवर 'ओ' वाटतात, पण त्यांना 'ओ' चं रक्त चालत नाही. 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं आणि जगभर त्याला 'बॉम्बे ब्लड ग्रुप' हे नाव पडलं. मुंबईत साधारण दहा हजारांत एक. इथं फरक खरोखर जन्माचा होता. 'ओ' ची बाटली चढवणारा डॉक्टर सगळ्यांना सारखंच वागवत होता, आणि त्या एकाला त्या सारखेपणानंच धोका होता. पण तो एक माणूस कोण, हे त्याच्या नावावरून, टोपीवरून किंवा कपाळावरून कळत नाही. त्याचं रक्त तपासावं लागतं.

समाजाची सरासरी खोटी नसते, हेही मान्य करायला हवं. मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर मर्कॅप्टोप्युरिन नावाची गोळी वर्ष-दोन वर्षं चालते. ती शोधणाऱ्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८ चं नोबेल मिळालं. ही गोळी काहींना का सोसत नाही याचं एक कारण युरोपीय लोकांत १९८० सालीच सापडलं होतं. पूर्वेकडच्या मुलांत मात्र तो त्रास होई आणि ते कारण सापडत नसे. २०१४ मध्ये कोरियातल्या रुग्णांत दुसरं जनुक हाती लागलं, एनयूडीटी-१५. त्यातला बदल आशियात बराच आढळतो, आपल्या भारतीयांतही. म्हणजे मधली तीसेक वर्षं आपल्याकडच्या एखाद्या मुलाची तपासणी झालीच असती तर ती युरोपच्या यादीप्रमाणे झाली असती, आणि 'सर्व ठीक' असा अहवाल आला असता. डीपीडीच्या नेहमीच्या चाचणीतही जे बदल शोधले जातात ते मुख्यतः युरोपीय लोकांत सापडलेले आहेत. त्यात काही निघालं नाही म्हणजे काही नाहीच, असं आपल्या माणसाबाबत म्हणता येत नाही. भारतातल्या दहा हजार लोकांचे जनुकसंच वाचण्याचा सरकारी प्रकल्प पूर्ण होऊन त्याची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली झाली. यादी वाढायला आता कुठे सुरुवात होते आहे.

समाजाची माहिती डॉक्टरला कुठं शोधायचं ते सांगते. समोरच्या माणसात काय सापडेल ते सांगत नाही. त्या गृहस्थांना मी हेच म्हणालो. त्यांना पटलं की नाही ठाऊक नाही. चहा मात्र त्यांनी पुन्हा मागवला.

आपल्याच घरातली एक गोष्ट टाळून पुढे जाणं मला बरं वाटत नाही. एटीएमचा तो आजार किंवा फँकोनी अॅनिमिया, ज्यात कॅन्सरची काही औषधं आणि किरण नेहमीच्या मात्रेत दिले तर शरीर कोसळतं, हे आजार आई आणि वडील दोघांकडूनही सदोष प्रत आली तर होतात. चुलत-मामेभावंडांच्या लग्नात तशी शक्यता वाढते. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक. मामाची मुलगी करण्याची रीत आपल्या शेजारच्या हिंदू घरांतही आहे, त्यामुळे एकमेकांकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. घरात रक्त कमी पडणारं, ठेंगणं, अंगावर काळसर डाग असलेलं मूल असेल तर मुंबईच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत गुणसूत्रांची तपासणी होते. ती उपचाराआधी झाली तर बोन मॅरो बदलताना औषधाची मात्रा उतरवता येते. ही माहिती लग्न ठरवणाऱ्या मंडळींच्या कानावर घातली की ती मंडळी 'तकदीर' म्हणतात. मी कधीच तकदीर मानत नाही असं नाही. पण वाचता येणारी नोंद न वाचता पेटी बंद करणं याला ते नाव द्यायला माझं मन घेत नाही.

२०२३ च्या त्या गर्दीच्या दिवसांत मी खालाच्या मुलाकडे अंतरवालीला गेलो होतो. रस्त्याला गाड्यांची रांग, मैदानात मांडव, आणि त्या सगळ्यातून वाट काढत एक म्हातारी घरी आली. बाजूच्या खाटेवरची बाई. उपोषणाच्या जागी तिच्या गावची माणसं आली होती, त्यांच्या गाडीतून आली आणि भाभीचं घर विचारत विचारत पोचली. खाला गेल्याचं तिला कुणी कळवलंच नव्हतं. ती दाराशीच बसली. पाणी दिलं ते हातातच राहिलं.

थोड्या वेळानं मी तिला त्या औषधाचं सांगू लागलो. एन्झाइम, यकृत, जितकं सोपं करता येईल तितकं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला ते काई कळत न्हाई, सर. पर भाभीला लई व्हायचं ते मला दिसत व्हतं. त्या रोज इचारायच्या, बाई, तुला कसं काय होत न्हाई? मी म्हनायची, व्हतं की भाभी, माझंबी तोंड आलंय. मला कुठं काय झालतं? मंग त्यांच्या म्होरं जेवावं कसं? भाकर पदरात घेऊन व्हरांड्यात जाऊन खायची. तवा तुमी आलता एकदा. तुमी पाह्यलं मला खाताना."